खडीच्या वाटेवर 538 किलोमीटर: तीन दिवसांचं गणित

अमेरिकेत पिट्सबर्गहून वॉशिंग्टन डीसीपर्यंत सायकलनं जाताना मोटारींची फारशी गाठच पडत नाही. पहिले 241 किलोमीटर ‘ग्रेट ॲलिगेनी पॅसेज’चे. जुन्या रेल्वेमार्गाचे रूळ काढून तिथं चुनखडीचा बारीक चुरा दाबून बसवला आहे. कंबरलंड या गावी ही वाट संपते आणि चेसापीक-ओहायो कालव्याच्या काठची 297 किलोमीटरची मातीची वाट सुरू होते. 1924 साली पूर आला आणि हा कालवा कायमचा बंद पडला. तोवर याच वाटेवरून खेचरं नावा ओढत चालत असत.

बहुतेक जण ही सफर आरामात, पाच-सहा दिवसांत करतात. ती तीन दिवसांत करायची असेल, तर नकाशापेक्षा आधी भौतिकशास्त्राची वही उघडावी असं माझं ठाम मत आहे.

चढापासून सुरुवात करू, कारण त्याचीच भीती जास्त आणि ती अनाठायी. पोलादी चाक पोलादी रुळावर सहज घसरतं, म्हणून रेल्वे बांधणारे चढ अगदी सौम्य ठेवत. पिट्सबर्ग सोडल्यावर सुमारे 200 किलोमीटरमध्ये वाट जेमतेम 500 मीटर चढते, म्हणजे सरासरी पाव टक्का. 729 मीटर उंचीवर पूर्व अमेरिकेचा मोठा पाणलोट दुभाजक लागतो. तिथून कंबरलंडपर्यंतचे 38 किलोमीटर मात्र उतारच उतार. तेवढीच उंची इथं एवढ्या कमी अंतरात उतरते, म्हणून प्रवास पिट्सबर्गकडूनच सुरू करावा. या टप्प्यात जवळजवळ एक किलोमीटर लांबीचा बिग सॅव्हेज बोगदा आहे आणि तो हिवाळ्यात बंद असतो.

आता खरे शत्रू. स्वार, सायकल आणि सामान मिळून 90 किलो धरा, वेग ताशी 22 किलोमीटर. कोरड्या, दाबलेल्या चुनखडीवर चाक फिरतं ठेवायला ठोकताळ्यानं 50 वॅट लागतात आणि हवा कापायला 55. वेग 25 वर नेला, तर एकूण गरज 105 वरून 135 वॅटवर जाते, कारण हवेसाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. जवळजवळ तीस टक्के जास्त जोर लावून सबंध प्रवासात वाचतात किती? तीन तास. रोज एक तास कमी थांबलं, तरी तेवढेच तीन तास हाती येतात आणि पाय ताजे राहतात. जलद सफरीच्या नियोजनातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे. पाणी कुठं भरायचं, जेवण कुठल्या गावात, मुक्काम कुठं, हे आधी ठरलेलं असलं की थांबे आपोआप आखूड होतात. पुण्या-मुंबईत 600 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, 40 तासांच्या मुदतीत पुरी करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

टायरबद्दल एक समजूत हट्टानं टिकून आहे: हवा जितकी घट्ट, तितकी सायकल हलकी चालते. गुळगुळीत डांबरावर त्यात थोडं तथ्य आहे. खडीवर मात्र घट्ट टायर प्रत्येक खड्यावरून सायकल आणि स्वार दोघांना उचलतो. ही ऊर्जा पुढं जाण्यात लागत नाही, ती हादरे बनून मांड्या, पाठ आणि हातांच्या स्नायूंत उष्णता होऊन विरते. 40 मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर, त्यात बेताची हवा असेल, तर रबर खड्याभोवती वाकतं आणि शरीर जवळपास एका पातळीत राहतं. तळहाताच्या कडेनं जाणाऱ्या मज्जातंतूवर ताण येऊन करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं, तो त्रासही कमी होतो. हाताची पकड मात्र तरीही अधूनमधून बदलत राहावी.

मुरमाच्या रस्त्यावर पावसाळ्यात सायकल चालवलेल्या माणसाला कालव्याकाठचं पुढचं संकट लगेच कळेल. ओली चिकणमाती चाकाखाली दबते आणि दाबायला खर्चलेली ऊर्जा परत देत नाही. वरच्याच हिशेबात चाकासाठीचे 50 वॅट 80 होतात. तेवढाच जोर लावत राहिलात, तर वेग 22 वरून 19 वर येतो. म्हणून दिवसांची वाटणी नुसत्या किलोमीटरांवर करू नये.

माझी वाटणी अशी: पहिला मुक्काम मायर्सडेल, सुमारे 190 किलोमीटर. दुसरा हॅनकॉक, जवळपास 150. या दिवशी पॉ पॉ बोगदा लागतो. तो 950 मीटर लांब आणि काळोखी आहे, त्यातून दिवा घेऊन, सायकल हातात धरून चालत जावं. तिसऱ्या दिवशी उरलेले 200. कोरड्यात नऊ तास, चिखलात साडेदहा. हॅनकॉकच्या दोन्ही बाजूंना कालव्याला समांतर 45 किलोमीटरची डांबरी सायकलवाट आहे. पाऊस झाला असेल तर तिच्यावर जाण्यात कमीपणा मानू नये.

त्या नऊ तासांना सुमारे 3,300 किलोकॅलरी लागतात, कारण स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच पेडलपर्यंत पोचवतात. शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या साखरेचा साठा फार तर 2,000 किलोकॅलरीचा. चरबी हातभार लावते, पण साठा रिकामा झाला की वेग कोसळतो. नुसतं ग्लुकोज आतड्यातून तासाला सुमारे 60 ग्रॅमच शोषलं जातं. फ्रुक्टोजला वेगळी वाट असल्यामुळं दोन्ही मिळून 90 ग्रॅमपर्यंत मजल जाते. म्हणून पहिल्या तासापासूनच थोडं थोडं खात राहावं, भूक लागायची वाट पाहू नये. रात्री भात किंवा पास्ता पोटभर खाल्ला, तरच दुसऱ्या दिवशीचा साठा भरतो.

कंबरलंडपासून वॉशिंग्टनपर्यंत कालव्यावर नावा वर-खाली करणारी 74 जलद्वारं आहेत आणि सगळी मिळून उतार फक्त 184 मीटरचा. सरासरी काढली तर या उताराची मदत जेमतेम तीन वॅट. समोरून ताशी 10 किलोमीटरचा वारा आला, तर तो साठ वॅट जास्त मागतो. या काठावर पुष्कळ ठिकाणी झाडं दाटीनं उभी आहेत आणि ती वारा अडवतात. वाटेतल्या तळांवर हातपंप आहेत, पण हिवाळ्यात त्यांचे दांडे काढून ठेवतात. म्हणून मेअखेर किंवा सप्टेंबर निवडावा. मेअखेरीस जवळपास पंधरा तास उजेड असतो, पण पाऊस पडू शकतो. सप्टेंबरात उजेड बाराएक तासांवर येतो, तेव्हा तिसऱ्या दिवशी हॅनकॉकहून पहाटेच निघावं आणि पुढचा दिवा चार्ज केलेला असावा.