दिवसा रेडिओची बाहेरची स्टेशनं "दाबली" जायची का?

आमच्याकडे बार्शी भागात जुनी माणसं अजून सांगतात आणि फॉरवर्डही फिरतो, की आणीबाणीत सरकार दिवसा रेडिओची लांबची स्टेशनं मुद्दाम गोंगाट सोडून दाबून ठेवायचं म्हणून ती रात्रीच लागायची. असं वाटणं साहजिकच होतं म्हणा, १९७५ ते ७७ मध्ये पेपरवर सेन्सॉर होता हे तर खरंच, मग रेडिओ कशाला सुटेल.

पण कारण वर आकाशात आहे. जमिनीपासून साधारण ६० ते ९० किलोमीटरवर हवेचा एक थर असतो, उन्हामुळे त्यात विद्युतभार तयार होतो आणि तो मीडियम वेव्ह या रेडिओच्या पट्ट्यावरच्या लहरी शोषून घेतो, त्यामुळे दिवसा फक्त जवळचं स्टेशन येतं. सूर्य मावळला की तो थर विरतो, मग लहरी त्याच्याही वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर लांब उतरतात. आजोबांच्या मर्फी रेडिओवर जेवणं झाल्यावर काटा जरा हलवला की भलतीच भाषा यायची ती यामुळेच.

मुद्दाम दाबलेलं स्टेशन ओळखू येतं, त्याच जागी सतत घरघर ऐकू येते, पण लांबच्या स्टेशनांच्या जागी दिवसा तशी घरघर नव्हे, रिकाम्या जागेची नुसती खरखर असायची.

तपासायचंय? माळ्यावरचा जुना सेट काढा, सेल घाला, घरातले एलईडी बल्ब नि चार्जर बंद करा, मीडियम वेव्हवर दुपारी १२ ला पूर्ण काटा फिरवून किती स्टेशनं लागतात ते लिहा आणि रात्री ९ ला परत मोजा. आज आणीबाणी नाही, तरी फरक दिसतोच.