कांद्याची निर्यात आणि शेतकऱ्याचं मत, मागचा सगळा संदर्भ

चाकणच्या कांदा आंदोलनातून पुढे आलेले शेतकरी नेते शरद जोशी यांची सुरुवातीची भूमिका निवडणुकीपासून लांब राहायची होती. पुढे त्यांनी पक्ष काढला, राज्यसभेतही गेले, त्यावरून आजही वाद घालणारे आहेत. पण निर्यातीबद्दल ते कधी हलले नाहीत, सरकारची मेहेरबानी नको, माल विकायची मोकळीक द्या एवढंच. १९८० च्या जानेवारीत महाग कांदा लोकसभेच्या प्रचारात गाजला आणि त्याच वर्षी पडल्या भावासाठी चाकणला रस्ता अडवावा लागला, म्हणजे खाणाऱ्याचं मत मोजलं गेलं, पिकवणाऱ्याचं नाही. माझ्या मते पुढचं सगळं यातच आलं.

२०१०, २०१९, २०२० ला कांद्यावर निर्यातबंद्या आल्या, गेल्या. २०२३ ची मात्र लांबली. ऑगस्टमध्ये ४० टक्के शुल्क (लिलाव बंद पडले), ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ८ डिसेंबरपासून पूर्ण बंदी, लासलगावला चार हजारांच्या आसपास असलेला क्विंटलचा भाव महिनाभरात निम्म्यावर. ३१ मार्च २०२४ ला संपणारी बंदी लोकसभेच्या आचारसंहितेतच पुढे ढकलली.

खरी आग लागली ती एप्रिलअखेर. गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली आणि इकडे महाराष्ट्रात उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत पडून. ओरड झाल्यावर दोनच दिवसांत सहा देशांसाठी ९९,१५० टनांचा आकडा जाहीर केला, तो बराचसा आधीच दिलेल्या कोट्यांची बेरीज होता. मग ४ मे ला "बंदी उठली". पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि वर ४० टक्के शुल्क धरलं की टनाला ७७० डॉलर होतात, म्हणजे किलोला साधारण ६४ रुपये, आणि त्यात वाहतूक वेगळीच, या भावात पाकिस्तानच्या कांद्यापुढे आपला माल कोण घेणार? याला बंदी उठवणं म्हणायचं की नाही यावर आजही दोन गट आहेत, मी तरी म्हणत नाही.

२० मे ला लोकसभेचं मतदान झालं. नाशिकच्या कांदा पट्ट्यातल्या दिंडोरीत ते साठ टक्क्यांच्या बरंच वर गेलं, त्याच दिवशी मुंबईच्या जागा पन्नास ते सत्तावन्नच्या दरम्यान. दिंडोरीत केंद्रातल्या मंत्रीच लाखाहून जास्त मतांनी पडल्या. इतर मुद्देही होतेच, पण कांदा पट्ट्यात कांद्यावर मत पडलं हे कोणी नाकारत नाही.

विधानसभेच्या तोंडावर, १३ सप्टेंबरला किमान मूल्य काढलं आणि शुल्क २० वर आणलं. नोव्हेंबरात निकाल लोकसभेच्या उलटा, सत्ताधाऱ्यांच्या बाजूने लागला आणि उरलेलं २० टक्के जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. तोवर बांगलादेशसारखं मोठं गिऱ्हाईक स्वतःचा कांदा वाढवून आपल्याकडची खरेदी कमी करायला लागलं होतं, त्यामुळे शुल्क शून्य होऊनही त्या उन्हाळ्यात भाव उठलाच नाही.