ब्रुटनचा विकार : एक्स-संलग्न अगॅमाग्लोब्युलिनेमिया

रक्तात प्रतिपिंडे (जंतूंशी लढणारी प्रथिने) जवळजवळ तयारच न होण्याचा जन्मजात आनुवंशिक विकार. तो मुलग्यांना होतो. अमेरिकी लष्करी रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ ऑग्डेन ब्रुटन यांनी १९५२ मध्ये त्याचे वर्णन केले. न्यूमोकॉकस जंतूंनी पुन्हा पुन्हा गंभीर आजारी पडणाऱ्या ८ वर्षांच्या एका मुलाच्या रक्तात त्यांना गॅमा ग्लोब्युलिन (रक्तातील प्रथिनांचा प्रतिपिंडे असलेला भाग) सापडले नाही. ते बाहेरून टोचू लागल्यावर मुलाची आजारपणे आटोक्यात आली. आजही उपचाराचे तत्त्व तेच आहे.

एक्स गुणसूत्रावरील बीटीके या जनुकात दोष असतो (तो १९९३ मध्ये सापडला). त्यामुळे अस्थिमज्जेत बी पेशींची (ज्यांपासून प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी होतात त्या पांढऱ्या पेशींची) वाढ अर्ध्यावरच अडते आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी पुढे तयार होत नाहीत. प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी, म्हणजे टी पेशी, मात्र शाबूत असतात.

बाळ पहिले काही महिने ठणठणीत असते, कारण आईकडून वारेतून आलेली प्रतिपिंडे त्याला सांभाळतात. सहा महिन्यांच्या सुमारास ती संपत येतात आणि कान वाहणे, सायनस, न्यूमोनिया, सांध्यात पू, जिआर्डिया या आतड्यातील परजीवीचे चिवट जुलाब असे एकामागून एक सुरू होते. प्रत्येक आजाराला वेगळे प्रतिजैविक मिळते, मूल बरे होते, आणि सगळ्यांमागचे कारण एकच असेल हे कोणाच्या ध्यानात येत नाही. निदानाला होणाऱ्या उशिराचे हे मोठे कारण आहे आणि तोवर फुप्फुसांच्या श्वासनलिका कायमच्या रुंदावू शकतात. घसा तपासताना टॉन्सिल अगदी छोटे किंवा नसल्यासारखे दिसणे ही फुकटात मिळणारी खूण आहे. यकृताच्या साध्या तपासणीत एकूण प्रथिनांतून अल्ब्युमिन वजा केल्यावर उरणारा आकडा डेसिलिटरमागे २ ग्रॅमच्या खाली गेला, तर तेवढ्यावरही संशय घ्यावा. मामा किंवा मावसभाऊ लहानपणी जंतुसंसर्गाने गेला होता का, हे आवर्जून विचारावे. मात्र अनेक घरांत असा इतिहास नसतो, कारण दोष त्या मुलातच किंवा आईतच नव्याने उद्भवलेला असतो.

निदानासाठी आधी आयजीजी, आयजीए, आयजीएम हे प्रतिपिंडांचे तीन प्रकार मोजतात. आयजीजी बहुधा डेसिलिटरमागे २०० मिलिग्रॅमच्या आत असते. तेवढ्यावर थांबू नये. काही निरोगी बाळांतही आयजीजी काही काळ कमी राहते, पण त्यांच्या बी पेशी असतात. फ्लो सायटोमेट्रीत (रक्तातील पेशी प्रकारानुसार मोजण्याच्या तपासणीत) सीडी१९ ही खूण असलेल्या पेशी, म्हणजे बी पेशी, २ टक्क्यांहून कमी आल्या की चित्र स्पष्ट होते. शेवटचा शिक्का जनुकीय तपासणीचा. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेत अशा विकारांवर काम होते.

येथे एक सापळा आहे. या मुलांत विडाल (विषमज्वराची चाचणी), डेंग्यू आयजीएम यांसारख्या प्रतिपिंडांवर बेतलेल्या चाचण्या निरुपयोगी ठरतात. रोग असूनही त्या नकारात्मक येतात, आणि उपचार सुरू झाल्यावर दात्यांची प्रतिपिंडे शरीरात असल्याने आयजीजी शोधणाऱ्या चाचण्या खोट्या सकारात्मक येऊ शकतात. थेट जंतू किंवा त्याचे अंश शोधणाऱ्या कल्चर, प्रतिजन चाचणी किंवा पीसीआर यांवरच विसंबावे.

उपचार आयुष्यभराचा : शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून वेगळी काढलेली प्रतिपिंडे), वजनाच्या दर किलोला ४०० ते ६०० मिलिग्रॅम, दर ३ ते ४ आठवड्यांनी. २० किलोच्या मुलाला ५०० च्या हिशेबाने १० ग्रॅम, म्हणजे ५ टक्के द्रावणाचे २०० मिलिलिटर लागते. बाटली २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवावी, गोठवू नये, हलवून फेस आणू नये, आणि देण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. सुरुवात ताशी किलोमागे ०.५ मिलिलिटरने, म्हणजे या मुलाला ताशी १० मिलिलिटर; त्रास नसेल तर दर अर्ध्या तासाने वेग दुप्पट करत ताशी ८० पर्यंत. सगळे साडेतीन-चार तासांत संपते. हुडहुडी, डोकेदुखी, पाठदुखी बहुधा वेग जास्त झाल्याने किंवा अंगात ताप असताना दिल्याने होते. वेग कमी केला की ती ओसरते. बाटलीचा बॅच क्रमांक दर वेळी वहीत उतरवावा.

पुढच्या डोसच्या अगदी आधी रक्तातील आयजीजी तपासावे. ते डेसिलिटरमागे ७०० ते ८०० मिलिग्रॅमच्या वर हवे, फुप्फुसे बिघडली असतील तर आणखी वर. ते घसरले, तर पहिला प्रश्न वजनाचा : मूल वाढले आणि डोस जुनाच राहिला, ही नेहमीची चूक. दुसरे कारण जुलाब, त्यातून प्रथिने वाहून जातात. या औषधातून मुख्यतः आयजीजीच मिळते. श्वसनमार्गाच्या अस्तरावर राखण करणारे आयजीए मिळत नाही. म्हणून आकडे चांगले असतानाही सायनस आणि छातीचा त्रास चालू राहू शकतो. श्वसनक्षमतेची चाचणी दरवर्षी करावी.

तोंडावाटे पोलिओचे थेंब या मुलांना कधीही देऊ नयेत. लशीतला जिवंत विषाणू त्यांच्या आतड्यात दीर्घकाळ टिकून पक्षाघात घडवू शकतो. भावंडांच्या विष्ठेतूनही तो घरात येतो, म्हणून त्यांनाही टोचून द्यायची लसच द्यावी. पल्स पोलिओच्या दिवशी दारावर येणाऱ्या स्वयंसेवकांना दाखवायला डॉक्टरांची चिठ्ठी घरात तयार असावी.

खर्च मोठा आणि न संपणारा आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात इम्युनोग्लोब्युलिन लागणाऱ्या प्राथमिक प्रतिकारदोषांचा समावेश आहे आणि मदत ठरवून दिलेल्या केंद्रांमार्फत मिळते. केईएम त्यांपैकी एक.

आई वाहक असेल (म्हणजे तिच्या एका एक्स गुणसूत्रावर हा दोष असेल), तर तिच्या प्रत्येक मुलग्याला हा विकार होण्याची शक्यता निम्मी. मुलगी वाहक असण्याची शक्यताही तेवढीच, पण ती स्वतः निरोगी असते. पुढचा मुलगा जन्मला, तर त्याचे आयजीजी पाहून निश्चिंत होऊ नये, कारण ते आईचे असते. पहिल्या दिवसांत मोजायच्या त्या बी पेशी.