नेम धरणं, नेम सोडणं

आषाढ शुद्ध नवमीला आमच्या भागात कांद्याला निरोप देतात. भजी, कांदा घातलेले धपाटे, झुणका, ज्याच्या घरी जे जमेल ते. एक दिवस सोडून एकादशी. तिथून चार महिने कांदा, लसूण, वांगं बंद. बऱ्याच घरांत वांगं तर थेट मार्गशीर्षात, चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावरच ताटात परत येतं. माझी आज्जी याला व्रत म्हणत नसे, ‘नेम’ म्हणायची. ‘यंदा काय नेम धरलास गं?’ असं आषाढात बाया एकमेकींना विचारायच्या. कुणी चार महिने गूळ सोडलेला असे, कुणी पायातली चप्पल. कुणी एकवेळ जेवत असे, तर कुणी फक्त मारुतीला रोज पाणी घालत असे.

ऋतू बदलला की जगण्यात एखादा लहानसा बदल ठरवून करावा, हा सल्ला हल्ली नव्याने कानावर येतो. मराठवाड्यात त्याचा माग काढत गेलं की वाट स्वयंपाकघरातून निघते आणि लेण्यांपर्यंत जाते.

अजिंठ्याला वाघूर नदी घोड्याच्या नालासारखी वळते आणि त्या वळणाच्या कड्यात तीसेक लेणी आहेत. पाच चैत्यगृहं, बाकीचे विहार. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकापासून ती खोदली जाऊ लागली. एरवी पायी फिरणाऱ्या बौद्ध भिक्खूंना पावसाळ्याचे तीन महिने एका जागी थांबायचा नियम होता, तो वर्षावास. नियमामागची जुनी हकिगत मला फार आवडते. हे भिक्षू पावसातही फिरतात, कोवळी हिरवळ आणि बारीकसारीक जीव तुडवतात, अशी लोकांनी तक्रार केली, तेव्हा हा नियम झाला. आषाढात उगवलेल्या पिकातून कुणी आडवं गेलं तर आजही बांधावरून हीच हाक ऐकू येते, फक्त शब्द जरा कडक असतात.

पुढची मोठी खूण देवगिरीची आहे. तेराव्या शतकात तिथे यादवांच्या दरबारी हेमाद्री नावाचा मंत्री होता. महादेव (१२६१ ते १२७१) आणि त्याच्यानंतर रामचंद्र, अशा दोन राजांच्या काळात त्याने कारभार पाहिला. आपण त्याला हेमाडपंत म्हणतो. चुना न वापरता बांधलेलं कुठलंही दगडी देऊळ दिसलं की त्याच्या नावावर टाकून मोकळे होतो. पण इथे कामाचे आहेत त्याचे दोन ग्रंथ. एक ‘चतुर्वर्गचिंतामणी’. त्याच्या व्रतखंडात कोणत्या तिथीला, कोणत्या वारी, कोणत्या महिन्यात काय करावं आणि काय वर्ज्य करावं, याचा प्रचंड साठा आहे. दुसरा ‘आयुर्वेदरसायन’, म्हणजे वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथाचा अर्थ उलगडणारी टीका. व्रतांची जंत्री आणि वैद्यकाचं भाष्य एकाच माणसाच्या मेजावर, आजच्या दौलताबादच्या डोंगराखाली, तयार होत होतं. देवधर्म एका बाजूला आणि तब्येत दुसऱ्या बाजूला ही वाटणी आपली आहे. त्याला ती सुचली नसावी.

वाग्भटाच्या तिसऱ्याच अध्यायाचं नाव ‘ऋतुचर्या’. सहा ऋतूंत काय खावं, कसं निजावं, किती कष्ट करावेत, हे त्यात येतं. पण माझ्या मते त्यातला सगळ्यात मोलाचा भाग शेवटी आहे. सरत्या ऋतूचा अखेरचा आठवडा आणि येणाऱ्या ऋतूचा पहिला आठवडा मिळून ‘ऋतुसंधी’. या पंधरवड्यात जुनी रीत हळूहळू सोडायची आणि नवी हळूहळू धरायची. एकदम सोडलं किंवा एकदम धरलं तर आजार होतात, असं वाग्भट स्पष्ट सांगतो. चार अध्याय पुढे तर त्याने माप दिलं आहे. अंगवळणी पडलेली वाईट सवय पाव-पाव हिश्शाने सोडावी, तेही जड जात असेल तर पावाचा पाव, म्हणजे सोळावा हिस्सा. मधे एक, दोन, तीन दिवसांचं अंतर ठेवत जावं. चांगली सवयही याच चालीने लावावी. दिवसाला आठ कप चहा पिणाऱ्याने आधी दोन कप कमी करायचे. तेवढंही होत नसेल तर अर्धाच कप. एक जानेवारीला सगळं सोडणारे आणि दहा जानेवारीला सगळं परत धरणारे आपण हे वाचत नाही, ही गोष्ट वेगळी.

आज्जीच्या नेमात हीच गणितं वेगळ्या भाषेत होती. नेम लहान असे. त्याला शेवटची तारीख असे. कार्तिकी एकादशीला किंवा दुसऱ्या दिवशी तो ‘सोडायचा’. जे वर्ज्य केलं ते दान देऊन मग आपण खायचं. आयुष्यभरासाठी काही सोडायला सांगितलं असतं तर निम्म्या बायकांनी हात जोडले असते. शिवाय शेजारणीला ठाऊक असे, त्यामुळे गुपचूप मोडायची सोय नव्हती. अर्थात, या नेमांचं ओझं बहुतेक बायकांच्याच पाठीवर होतं, हेही इथेच सांगून टाकतो. घरातले पुरुष कांदेनवमीची भजी खाऊन मोकळे.

शेतातल्या बदलांना मात्र नेम म्हणता येत नाही. तिथे निवडीला जागाच नव्हती. रोहिणी निघाल्या, मग साधारण ७ जूनला मृग. तेरा-चौदा दिवसांचं एकेक नक्षत्र, स्वातीपर्यंत. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. मृगाच्या आधी माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, पांढरी माती टाकून चोपून घ्यायची, नाहीतर पहिल्या झडीत घर गळणार. त्याच माळवदावर उन्हाळाभर बाजा टाकून सगळं घर निजलेलं असे, दिवसा कुरडया आणि बाजरीच्या खारोड्या वाळत. मातीचा थर पडला की बाजा खाली, वाकळा बाहेर. वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालगड्याचं सालही पाडव्याला ठरे, पाडव्याला संपे. त्याच्यासाठी गुढी म्हणजे नव्या मालकाची किंवा जुन्या उचलीची तारीख. ऋतूच्या तालावर जगणं किती सुंदर होतं, असं कुणी फार रंगवू लागलं की मला हा माणूस आठवतो.

बाजरीचंही तसंच. थंडीत बाजरी, एरवी ज्वारी, हा फेर खाण्यात रुळला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि सगळ्या शेंगा-भाज्यांचं खेंगट. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’. बाजरी महाराष्ट्रात हेमाडपंतानेच आणली, अशी समजूत आहे. ती काही टिकत नाही. बाजरी आफ्रिकेतून भारतात त्याच्या कितीतरी शतकं आधी आलेली होती. पण व्रतं आणि ऋतुचर्या लिहिणाऱ्या माणसाच्या नावावर लोकांनी हिवाळ्याची भाकरीही टाकावी, यात काहीतरी बरोबर आहे.

निजामाच्या अमलात सरकारी वर्ष वेगळं होतं: फसली सन, ऑक्टोबरात आजूर महिन्यापासून सुरू होणारा. फसल म्हणजे पीक. नावापुरतं तरी सरकारही पिकावर चाले. जमिनीच्या जुन्या कागदांवर ते आकडे अजून भेटतात. त्यांत ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो.

हा सगळा फेर तुटला तो एका दिवशी नाही. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडली आणि सुकडी खाल्ली, मिलो नावाच्या परदेशी लाल ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. तेव्हा कुठला ऋतू आणि कुठली भाकरी. पुढे रेशनवर गहू आला, चपाती बारमाही झाली. माळवद जाऊन स्लॅब आला, त्यावर माती टाकावी लागत नाही आणि उन्हाळ्यात निजताही येत नाही. १९९० नंतर सोयाबीन पसरलं. खरीप ज्वारी गेली, तिच्याबरोबर कडबाही आटला. ऋतू बदलतो तेव्हा आता घरात आपोआप काही हलत नाही, म्हणून ते ठरवून हलवावं लागतं.

आणि ऋतू तरी कुठे वेळेवर येतात? २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. नेम धरणाऱ्यांनी एक महिना जास्त काढला, आणि त्यातच देशाच्या नोंदीतला १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट पडला. त्याआधी २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. भाजी धुतलेलं पाणी कुंडीला आणि अंघोळीचं संडासाला, हा तेव्हाचा नेम काही घरांनी टाकी भरल्यावरही सोडलेला नाही. याचं उद्यापन कुणी सांगितलंच नव्हतं.

जो बदल अजून सगळे मिळून करतात तो येळवशीचा. मार्गशीर्ष अमावस्या, कागदावर वेळ अमावस्या. शेजारच्या बिदर-कलबुर्गीत हीच एळ्ळ अमावस्या. कन्नडमध्ये एळ्ळु म्हणजे तीळ. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं, दुकानांची शटरं खाली, सगळे कुणाच्या ना कुणाच्या शेतात. कडब्याची खोप, पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, आंबील. भज्जीला ओल्या तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे दाणे लागतात. आमच्या शेतात ऊस आहे. म्हणून आदल्या संध्याकाळी लातूरच्या बाजारात, गंजगोलाईत उभं राहून आम्ही हरभऱ्याचे डहाळे विकत घेतो आणि सकाळी पिशवीत घालून शेतात नेतो.