गावात माती तपासणी लॅब टाकायचीय? पात्रता, कागदपत्रं, अर्ज आणि पीएच इलेक्ट्रोडची तयारी

गावातच माती तपासायची लॅब टाका, सरकार दीड लाख देतंय, हे बऱ्याच जणांच्या कानावर आलंय. पण नेमकं कोणाला मिळतं, कागद काय लागतात, अर्ज कुठे द्यायचा हे विचारत सगळे फिरत असतात म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. यात पीएच मीटरच्या (माती आंबट की विम्ल ते आकड्यात दाखवणाऱ्या यंत्राच्या) इलेक्ट्रोडवर, म्हणजे माती कालवलेल्या पाण्यात बुडवायच्या काचेच्या दांडीवर, जरा जास्तच लिहिणार आहे. फॉर्म तर कोणीही भरून देईल हो, पण लॅबवर लोकांचा विश्वास बसतो की उडतो ते बरंचसं त्या काचेच्या दांडीवर ठरतं.

योजना केंद्राची आहे, मृदा आरोग्य पत्रिकेची, २०१५ पासून चालू असलेली. त्यातच गावपातळीवरच्या लॅबसाठी २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना आल्या आणि त्यानुसार आपल्याकडे कृषी विभाग जिल्ह्याजिल्ह्यात अर्ज मागवतो. वैयक्तिक अर्ज करणारा ग्रामीण तरुण किंवा तरुणी १८ ते २७ वयाची पाहिजे, दहावी विज्ञान विषयासह पास, आणि कॉम्प्युटर बऱ्यापैकी यायला हवा कारण नमुन्याची सगळी नोंद पोर्टलवर करायची असते. २७ उलटले असतील तर लगेच नाराज होऊ नका, बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनाही अर्ज करता येतो, शाळांना सुद्धा, त्यामुळे तुमच्या गावात चालू बचत गट असेल तर तो रस्ता धरा. जागा स्वतःची चालते, भाड्याची असेल तर किमान ४ वर्षांचा करार लागतो. करार रजिस्टर करून घ्या, नुसत्या स्टॅम्प पेपरवर भागवू नका.

कागदपत्रांत आधार, पॅन, दहावीचं मार्कशीट आणि सर्टिफिकेट, जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखला, बँक पासबुकाची झेरॉक्स, जागेचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा नाहीतर भाडेकरार, एमएस-सीआयटी झालेलं असेल तर तेही जोडा. गट किंवा कंपनी असेल तर नोंदणी प्रमाणपत्र आणि अर्ज करायचा ठराव. आणि ग्रामपंचायतीची संमती, ही लोक शेवटच्या दिवसापर्यंत ठेवतात आणि मग ग्रामसेवक सापडत नाही म्हणून धावपळ होते, तर ती पहिल्यांदा करून घ्या. सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे ना ते बघा.

अर्ज जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा मृद सर्वेक्षण व मृद चाचणी अधिकाऱ्यांकडे जातो. शेवटची तारीख जिल्ह्यागणिक वेगळी असते म्हणून आधी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा, फॉर्मचा नमुना पण तिथेच मिळतो. निवड जिल्हास्तरीय कार्यकारी समिती करते.

आता पैशाचं. दीड लाखातले १ लाख उपकरणांसाठी आणि ५० हजार रसायनं, काचसामान, देखभाल, वीज, इंटरनेट असल्या चालू खर्चासाठी. त्यानंतर पहिल्या ३०० नमुन्यांना प्रत्येकी ३०० रुपये आणि पुढच्या ५०० ना प्रत्येकी २० रुपये. गणित करा, पहिल्या टप्प्यात ९० हजार आणि दुसऱ्यात सगळे मिळून फक्त १० हजार. म्हणजे ३०० नमुने झाले की शेतकरी स्वतःच्या खिशातून पैसे देऊन तुमच्याकडे येतोय का यावरच लॅब चालणार, आणि तो परत तेव्हाच येतो जेव्हा तुमचा रिपोर्ट आणि जिल्ह्याच्या लॅबचा रिपोर्ट जुळतो.

जुळायचं तर सुरुवात पीएचपासून. पत्रिकेवर १२ घटक असतात पण पीएच चुकला की बाकीचं पण हलतं, स्फुरद कुठल्या पद्धतीने काढायचं ते सुद्धा पीएच बघूनच ठरवतात, आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीला ओल्सन पद्धत आणि आंबट जमिनीला ब्रे पद्धत. पीएच साडेआठच्या वर गेला की जमीन चोपण (सोडियम जास्त झालेली) असल्याचा संशय येतो आणि जिप्समची गोष्ट सुरू होते. आता मीटर ८.३ च्या जागी ८.६ दाखवत असेल तर तो माणूस उगाच ट्रॉलीभर जिप्सम आणून टाकणार.

कॅलिब्रेशन, म्हणजे मीटर ठरलेल्या आकड्याशी जुळवून घेणं, रोज काम सुरू करायच्या आधी करायचं, दोन बफरवर (पीएच आधीच माहीत असलेली द्रावणं), आणि तपासायच्या मातीचा पीएच त्या दोघांच्या मधे पडला पाहिजे. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, सांगली अशा काळ्या जमिनीत ७ आणि ९.२ घ्या. मीटरसोबतच्या कागदात ४ आणि ७ लिहिलंय म्हणून बरेच जण डोळे झाकून तेच करतात, तेवढं बरोबर आहे कोकणातल्या जांभ्या जमिनीला. ९.२ चा बफर खरंतर २५ अंशाला ९.१८ असतो आणि ४० अंशाला ९.०७ पर्यंत उतरतो, म्हणजे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत काम करणार असाल तर थर्मामीटर लावा आणि बाटलीवरच्या तक्त्यातला त्या तापमानाचा आकडा घ्या. बफर छोट्या बीकरमध्ये काढून वापरा, वापरलेला परत बाटलीत ओतायचा नाही, आणि ९.२ ची बाटली उघडी ठेवाल तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा पीएच खाली येतो. स्लोप (पीएच बदलला की इलेक्ट्रोडचा व्होल्टेज किती बदलतो ते, मीटर टक्क्यांत दाखवतो) ९५ ते १०५ टक्क्यांत आला तर काम चालू करा, २५ अंशाला १०० टक्के म्हणजे एका पीएचमागे ५९.१६ मिलिव्होल्ट. त्याच्या खाली येत असेल तर आधी बफर ताजा घेऊन बघा, मग इलेक्ट्रोड धुवा, आणि तरीही नाही सुधारला तर तो बदलायची वेळ झालीय.

इलेक्ट्रोड ठेवायचा ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये, साधारण २२.४ ग्रॅम पाण्यात विरघळवून १०० मिली करायचं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये कधीच ठेवू नका, ते वापरायचं फक्त धुवायला, त्यात बुडवून ठेवलं की आतले क्षार बाहेर येत राहतात आणि रीडिंग स्थिर व्हायला वेळ लागायला लागतो. टोपीभोवती पांढरे खडे दिसले तर घाबरू नका, क्लोराइडच आहे ते, धुतलं की जातं. टोपी कोरडी पडलेली सापडली तर रात्रभर त्याच द्रावणात भिजवा, मग कॅलिब्रेट करा. वरून भरायचा इलेक्ट्रोड असेल तर मोजताना भरायच्या भोकाचं झाकण उघडं पाहिजे आणि आतलं द्रावण बीकरमधल्या पातळीच्या वर पाहिजे.

मातीची पद्धत अशी, सावलीत वाळवून २ मिमी चाळणीतून काढलेली २० ग्रॅम माती, ५० मिली डिस्टिल्ड वॉटर, अधूनमधून ढवळत अर्धा तास, मग रीडिंग. इलेक्ट्रोडचा बल्ब बीकरच्या तळाला घासू देऊ नका, काळ्या मातीतसुद्धा वाळूचे कण असतातच. दोन नमुन्यांच्या मधे भरपूर धुवा आणि टिश्यूने नुसतं टिपा, पुसाल तर काचेवर स्थिर विद्युत भार येतो आणि आकडा नाचायला लागतो. क्षारता त्याच बीकरमध्ये मोजत असाल तर क्लोराइडचा एक थेंब जरी आत गेला तरी ईसी (विद्युत वाहकता, क्षारतेचा आकडा) वाढलेला दिसेल, त्यामुळे साठवणीतून काढल्यावर धुणं चुकवायचं नाही.

आपल्या चिकण मातीने जंक्शन (इलेक्ट्रोडमधलं द्रावण बाहेर झिरपायचं बारीक छिद्र) बुजतं, हा इथला नेहमीचा त्रास. रीडिंग स्थिर व्हायला वेळ लागतोय असं वाटलं की ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये १५-२० मिनिटं ठेवा, धुवा, मग तासभर पोटॅशियम क्लोराइडमध्ये, आणि परत कॅलिब्रेशन.

उपकरणांच्या लाखाची यादी करताना दुकानदार एकच इलेक्ट्रोड देतो, तर चालू खर्चाच्या ५० हजारांत दुसरा इलेक्ट्रोड आणि तीनही बफर सुरुवातीलाच धरा, कारण नेटाने सांभाळला तरी इलेक्ट्रोड वर्ष दोन वर्षांत थकतो. एका वहीत तारीख, तापमान, दोन बफरची रीडिंग आणि स्लोप लिहीत चला, तपासणीला कोणी आलं तर हीच वही पुढे ठेवायची. आणि एक काम लॅब सुरू व्हायच्या आधीच करा, आपल्याच शेतातली दोन-तीन किलो माती वाळवून, चाळून, नीट मिसळून डब्यात भरा, त्यातली थोडी जिल्ह्याच्या लॅबमधून तपासून घ्या, आणि मग रोज सकाळी गावकऱ्यांच्या नमुन्यांआधी त्या डब्यातले २० ग्रॅम लावा. ०.१ पेक्षा जास्त फरक आला तर त्या दिवशीचा एकही रिपोर्ट बाहेर जाऊ देऊ नका, आधी इलेक्ट्रोड बघा.