लॉकडाऊन आणि मणक्यातलं इंजेक्शन

मार्च 2020 मध्ये माझ्या मावशीला मणक्यात इंजेक्शन घ्यायला डोंबिवलीहून परळला जायचं होतं. कमरेपासून पोटरीपर्यंत उतरणारी सायटिकाची कळ पुन्हा उठली होती. 22 तारखेच्या मध्यरात्रीपासून लोकल बंद झाली. रुग्णालयाचा निरोप आला: तातडीचं नाही, नंतर पाहू.

कळेने माणूस दगावत नाही, म्हणून ती रांगेत मागे गेली. हे मला अजून खटकतं. महिनोन्महिने टिकलेल्या दुखण्याने मज्जारज्जूतल्या चेतापेशी हळव्या होतात, मग साधा स्पर्शही दुखू लागतो.

अडचण मात्र फक्त प्रवासाची नव्हती. या उपचारात सी-आर्म नावाच्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर बघत सुईचं टोक दबलेल्या नसेजवळ नेतात आणि तिथे बधिर करणारं औषध व स्टेरॉइड सोडतात. नसेची सूज उतरते. पण थोडं स्टेरॉइड रक्तातही जातं, आणि शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल हे संप्रेरक काही दिवस, कधी काही आठवडे, कमी पडतं. स्टेरॉइडने प्रतिकारशक्तीही दबते; साथीच्या दिवसांत तिला असा धक्का द्यायचा का? जून 2020 मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीचे निष्कर्ष आले. ऑक्सिजनवर असलेल्या कोविड रुग्णांमध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने मृत्यू कमी झाले, पण ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. म्हणजे प्रश्न औषध कोणाला आणि कधी द्यायचं, हा होता. अनेक वेदनातज्ज्ञांनी स्टेरॉइडचा डोस कमी केला, काहींनी नुसत्या बधिर करणाऱ्या औषधावर भागवलं.

काही रुग्णांना थांबणं शक्यच नव्हतं. स्नायूंचा ताठरपणा कमी करणारं बॅक्लोफेन पोटाच्या त्वचेखाली बसवलेल्या पंपातून थेट मणक्यात घेणाऱ्याचा पंप रिकामा झाला, तर तीव्र ताप येतो, जिवावर बेतू शकतं.

25 मार्च 2020 ला केंद्राने टेलिमेडिसिनचे नियम जाहीर केले आणि फोनवरून सल्ल्याची वाट मोकळी झाली. मॉर्फिन मात्र त्यातून लिहून देता येत नव्हतं. गैरवापराची भीती खरी आहे. तरीही कर्करोगाच्या ओळखीच्या रुग्णाला, ज्याची चिठ्ठी नुसती पुढे चालू ठेवायची आहे, यातून वाट द्यायला हवी होती असं माझं ठाम मत आहे. सगळ्यात भयंकर वेदनेचं औषधच फोनच्या कक्षेबाहेर राहिलं.

मावशीच्या डॉक्टरांनी मात्र व्हिडिओ कॉलचा चांगला उपयोग केला. मावसभाऊ चाळीच्या गॅलरीत फोन धरून उभा राहिला आणि ती आधी टाचांवर, मग चवड्यांवर चालली. टाचांवर चालता आलं नाही, तर पाऊल उचलणाऱ्या स्नायूंची नस दबल्याची शंका येते. लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र फोन ठेवून थेट रुग्णालयच गाठायचं. तिचं तसं काही नव्हतं. 1 फेब्रुवारी 2021 पासून सर्वांसाठी ठरावीक वेळेत लोकल सुरू झाली. त्याच आठवड्यात दुपारी 12 नंतरची गाडी पकडून ती परळला गेली.