सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून ते गाव आपलं नाही?

आजोबांचं नाव सातबाऱ्यावर निघालं नाही की 'आपण त्या गावचे नव्हतोच' असं विदर्भात अजूनही सर्रास मानतात. हे चूक आहे. सातबारा शेतजमिनीचा असतो. मजूर, बलुतेदार किंवा गावठाणातलं नुसतं घर त्यात येत नाही. शिवाय नागपूर, वर्धा, भंडारा, चांद्याकडे (आजचं चंद्रपूर) मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजारामार्फत भरायची पद्धत होती, ती 1951 च्या सुमारास संपली. त्याआधीची माहिती बंदोबस्ताच्या, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवल्याच्या कागदांत शोधावी लागते.

भूमिहीन घराण्यासाठी खरा आधार म्हणजे कोतवाल बुक, गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. तिची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मागा. अर्जात गाव, जुनी तहसील आणि एकच साल न देता आठ-दहा वर्षांचा टप्पा लिहा, कारण शाळेत लावलेली जन्मतारीख बहुधा अंदाजाची असते.

ओळ साधारण अशी दिसते: 'सखाराम वल्द गोमा, मुलगा'. म्हणजे गोमाचा मुलगा सखाराम, त्याला मुलगा झाला. बाळाचं नाव नाही, आडनावही नाही. आडनावाने शोधणारा इथेच हात हलवत परततो, म्हणून बापाचं आणि आज्याचं नाव धरून चाला.

पहिलं बाळंतपण माहेरी होत असे, तेव्हा थोरल्याची नोंद आजीच्या माहेरच्या गावात असू शकते. तिकडे जरूर पाहा.

जिल्हेही फुटले: गडचिरोली 1982, वाशीम 1998, गोंदिया 1999. कागद जुन्या जिल्ह्यातच राहिलेला असू शकतो.